सुट्टीत हेलिकॉप्टरची सैर: पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

हेलिकॉप्टरमधून हिमनदी, दरी किंवा धबधबा बघायचा म्हटलं की पहिला धक्का बसतो तो दराचा. पंधरा-वीस मिनिटांच्या फेरीला कधीकधी दोन रात्रींच्या मुक्कामाइतके पैसे पडतात. बरेच जण दर बघूनच नाद सोडतात. उरलेले हॉटेलच्या काउंटरवरचं पत्रक उचलतात आणि समोरचा सांगेल ती रक्कम भरून मोकळे होतात. थोडी आधी चौकशी केली तर तीच फेरी बरीच स्वस्त पडू शकते, आणि कित्येकदा जास्त चांगलीही होते. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी ही चौकशी कशी करावी, ते इथे क्रमानं सांगतो.

त्याआधी हेलिकॉप्टर इतकं महाग का, हे समजून घ्या, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावरच उभा आहे. इंधन तर लागतंच, पण खरा खर्च देखभालीचा असतो. हेलिकॉप्टरच्या अनेक भागांचं आयुष्य उड्डाणाच्या तासांत मोजतात. तास भरले की तो भाग दिसायला धडधाकट असला तरी काढून टाकावा लागतो. छोट्या सैरींसाठी जगभर वापरलं जाणारं रॉबिन्सन आर-४४ घ्या. ते २,२०० तास उडालं किंवा त्याला १२ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा, अख्खं खोलून पुन्हा बांधावं लागतं. म्हणजे पंखा फिरत असलेल्या प्रत्येक मिनिटाला पैसे जात असतात, मग खाली सुंदर दरी असो की विमानतळाचं कुंपण.

म्हणून बचतीचा मार्ग असा: देखाव्यापर्यंत पोहोचण्यात वाया जाणारी मिनिटं कमी करायची, मधल्या दलालांचा वाटा कमी करायचा आणि नको असलेल्या सोयींना नाही म्हणायचं. यंत्राची देखभाल आणि वैमानिकाचा अनुभव यांत मात्र स्वस्ताई शोधायची नाही.

पायरी १: ही जागा खरंच वरून बघण्यासारखी आहे का?

सगळ्यात मोठी बचत इथेच होते. एका सुट्टीत एकच फेरी परवडणार असेल, तर जमिनीवरून जे दिसतच नाही तिथे ती करावी.

अमेरिकेच्या हवाई बेटांपैकी काउआई हे याचं उत्तम उदाहरण. ना पाली किनाऱ्यावरच्या कड्यांलगत रस्ता नाही. बेटाच्या मधोमध वाइअलेअले पर्वत आहे, जगातल्या अतिशय पावसाळी ठिकाणांपैकी एक. त्याच्या कुशीतले उभे, हिरवे, धबधब्यांनी ओघळणारे कडे बघायला सामान्य प्रवाशाला दुसरी वाट नाही. तिथे पैसे खर्च करणं योग्यच. न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स या हिमनद्यांचंही तसंच. पूर्वी तिथे चालत जाऊन बर्फावर पाय ठेवता यायचा. हिमनद्या मागे सरकत गेल्या, कडेचे उतार ढासळू लागले, आणि आता बर्फावर जायचं तर हेलिकॉप्टरच लागतं. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळखडकांच्या पट्ट्यातलं बदामाच्या आकाराचं हार्ट रीफ पोहून बघता येत नाही, तिथे उतरायला बंदी आहे. त्याचा आकार कळतो तो वरूनच.

नायगारा वेगळा. काठावरच्या रस्त्यावरून चालत तो फुकट दिसतो, आणि बोटीतून थेट पाण्याच्या भिंतीसमोर जाता येतं. वरून बघायला छानच वाटतं, पण पैसे मोजकेच असतील तर माझ्या मते बोट पुरेशी आहे. मोठ्या शहरांवरच्या फेऱ्यांबद्दलही माझं मत असंच आहे. उंच इमारतीच्या गच्चीवरून तेच शहर तासभर निवांत बघता येतं, तेही फेरीच्या दराच्या छोट्याशा अंशात.

काही ठिकाणी उत्तर महिन्यावर ठरतं. व्हिक्टोरिया धबधब्यावर मार्च ते मे या काळात झांबेझी नदी भरून वाहते. तेव्हा काठावर उभं राहिलं तर तुषारांच्या धुक्यात समोरचं धड दिसत नाही आणि माणूस नखशिखांत भिजतो. १,७०० मीटरहून अधिक रुंदीचा तो धबधबा एका नजरेत मावतो तो फक्त आकाशातून. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मात्र पाणी आटतं, झांबियाच्या बाजूचा बराचसा कडा कोरडा पडतो. त्या दिवसांत काठावरून चालत दरी स्पष्ट दिसते, आणि वरून बघायला पाणीच कमी असतं.

ज्वालामुखीचं तर रोज बदलतं. हवाईतला किलाउएया कधी उसळतो, कधी शांत बसतो. अमेरिकी सरकारची हवाई ज्वालामुखी वेधशाळा आपल्या संकेतस्थळावर त्याची ताजी स्थिती देत असते. लाव्हा बघण्यासाठीच जायचं असेल तर आधी ते वाचा, मग बुकिंगकडे वळा. लाव्हा थांबलेला असताना काढलेलं तिकीट तेवढ्याच किमतीचं असतं, पण दिसतो तो काळा खडक.

पायरी २: मिनिटं मोजा

जाहिरातीत ‘एक तासाचा अनुभव’ लिहिलेलं असतं. त्यात हॉटेलवरून नेणं, वजन करणं, सुरक्षेच्या सूचना ऐकणं, रांगेत थांबणं हे सगळं धरलेलं असू शकतं. प्रत्यक्ष हवेत बारा मिनिटं. म्हणून कंपनीला ईमेलवर तीन प्रश्न विचारा. जमीन सोडल्यापासून परत टेकेपर्यंत किती मिनिटं? त्यातली मुख्य देखाव्यावर किती? मध्ये कुठे उतरणार असाल तर ती मिनिटं यातच धरली आहेत का? हिमनदीवरच्या फेऱ्यांत तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. वीस मिनिटांच्या फेरीतली काही मिनिटं बर्फावर उभं राहण्यात जातात. त्यात वाईट काहीच नाही, बर्फावर उतरणं हाच अनेकांसाठी आनंदाचा भाग असतो, फक्त आपण काय विकत घेतोय ते माहीत असावं.

आता आकडे मांडू. चलन कुठलंही धरा. १५ मिनिटांची फेरी १८० ला आणि ३० मिनिटांची २७० ला आहे. पहिलीत मिनिटाला १२ पडतात, दुसरीत ९. दोन्हींत देखाव्यापर्यंत जाण्यायेण्यात ८ मिनिटं जातात असं समजा. मग पहिलीत खऱ्या देखाव्याची मिनिटं उरली ७, म्हणजे एका मिनिटाला जवळजवळ २६. दुसरीत उरली २२, म्हणजे मिनिटाला साधारण १२. स्वस्त दिसणारी फेरी दुपटीहून महाग निघाली.

याचा अर्थ नेहमी मोठीच फेरी घ्यावी असा नाही. एकच धबधबा बघायचा असेल तर बारा-पंधरा मिनिटांत तो दोन्ही बाजूंनी दिसतो. त्यापुढची मिनिटं आजूबाजूच्या रानावर जातात. त्या रानात हत्ती दिसण्याची शक्यता असेल तर गोष्ट निराळी. काउआईसारखं अख्खं बेट फिरायचं असेल तर पन्नास मिनिटं ते तास लागतोच, त्यापेक्षा लहान फेरीत काहीतरी चांगलं गळतं. नकाशा समोर ठेवून फेरीची वाट बोटानं आखून बघा, लगेच कळेल.

पायरी ३: जवळून उडा

हिशोब कळला की उपायही दिसतो. वाया जाणारी मिनिटं हेलिकॉप्टरमध्ये काढण्यापेक्षा गाडीत किंवा बसमध्ये काढावीत.

ग्रँड कॅन्यन हे याचं सगळ्यांत ठळक उदाहरण. लास वेगासहून निघणाऱ्या फेऱ्या लोकप्रिय आहेत, पण दरीपर्यंत जाण्यायेण्यात बराच वेळ जातो. वाटेत हूवर धरण आणि मीड सरोवर दिसतं हे खरं. ते बघायचं असेल तर ती मिनिटं वाया गेली असं म्हणता येणार नाही. फक्त दरी हवी असेल तर रस्त्यानं पुढे जाऊन तिथून उडणाऱ्या फेऱ्या बघा. पश्चिम काठ हा हुआलापाई आदिवासींच्या मालकीच्या भूमीत येतो, तर दक्षिण काठाच्या फेऱ्या राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी असलेल्या टुसायान गावातून निघतात.

या दोन काठांमधला फरक बुकिंगच्या आधी समजून घ्यायला हवा. १९८६ साली ग्रँड कॅन्यनवर सैरीचं विमान आणि सैरीचं हेलिकॉप्टर यांची टक्कर झाली. त्यानंतर १९८७ साली राष्ट्रीय उद्यानांवरच्या उड्डाणांसाठी कायदा झाला. आता उद्यानाच्या हद्दीत सैरीच्या हेलिकॉप्टरला ठरलेल्या मार्गांवरूनच आणि काठाच्या वरूनच उडावं लागतं, खाली दरीत उतरता येत नाही. दरीच्या तळाशी उतरणाऱ्या ज्या फेऱ्या दिसतात त्या पश्चिमेकडच्या हुआलापाई भूमीतल्या. ज्याला तळाशी उतरायचंच आहे त्यानं दक्षिण काठाचं तिकीट काढून उपयोग नाही. आणि ज्याला दरीचा सर्वांत रुंद, भव्य भाग बघायचा आहे त्यानं तळाशी उतरण्याचे जादा पैसे भरू नयेत.

हवाईच्या सगळ्यांत मोठ्या बेटावर असाच प्रकार आहे. बहुतेक प्रवासी पश्चिमेला कोनाच्या बाजूला राहतात, आणि ज्वालामुखी आहे पूर्वेला. कोनाहून निघालं तर फेरी लांबते आणि महाग होते. हिलोहून ज्वालामुखी अगदी जवळ आहे. एक दिवस गाडीनं हिलोला जाऊन तिथून उडालात तर बराच फरक पडतो, आणि त्याच दिवशी ज्वालामुखी उद्यान जमिनीवरूनही बघून होतं.

पायरी ४: हेलिकॉप्टरच हवं का, आणि सैरीचंच हवं का?

हा भाग बहुतेक माहितीपत्रकांत नसतो, कारण यात विकणाऱ्याचा फायदा नाही.

लहान विमानाचा दर मिनिटाचा खर्च हेलिकॉप्टरपेक्षा बराच कमी असतो. पंख वरच्या बाजूला असलेलं सेस्नासारखं विमान असेल तर खालचं दृश्य अडत नाही. हार्ट रीफ, पेरूतल्या नाझ्काच्या रेषा, मोठी वाळवंटं, लांबलचक किनारे, अशा वरून पसरट दिसणाऱ्या गोष्टींसाठी विमान पुरेसं आहे. नाझ्कावर तर लहान विमानांचाच रिवाज आहे. न्यूझीलंडच्या ताझ्मान हिमनदीवर आणि अलास्कात देनाली पर्वताच्या परिसरात पायाला स्की लावलेली विमानं थेट बर्फावर उतरतात. अरुंद दरीत शिरायचं असेल, एका जागी हळू फिरायचं असेल, कड्याच्या जवळ जायचं असेल तिथे मात्र हेलिकॉप्टरला पर्याय नाही.

रीफच्या ठिकाणी आणखी एक चांगली सोय असते. जाताना बोट, येताना हेलिकॉप्टर, किंवा उलट. ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सहून अशा जोडफेऱ्या मिळतात. वेगळी बोट आणि वेगळी हेलिकॉप्टर फेरी घेण्यापेक्षा हे बहुधा स्वस्त पडतं, आणि दिवसाचा वेळही वाचतो.

आता माझा सगळ्यांत आवडता उपाय. जगात काही ठिकाणी हेलिकॉप्टर हे एसटीसारखं रोजच्या जाण्यायेण्याचं साधन आहे. फॅरो बेटांवर अटलांटिक एअरवेजचं हेलिकॉप्टर आठवड्यातले ठरावीक दिवस बेटाबेटांवर जातं. सरकार त्याला अनुदान देतं, त्यामुळे भाडं सैरीच्या फेरीच्या जवळपासही जात नाही. खाली दिसतात ते समुद्रातून सरळ उठलेले कडे आणि गवताच्या छपरांची गावं. नॉर्वेत बूडो शहरापासून लोफोटेन द्वीपसमूहातल्या वॅरोय बेटावर नियमित हेलिकॉप्टर जातं. जपानमध्ये हाचिजोजिमा बेटाहून आओगाशिमा बेटाला रोजची फेरी आहे, साधारण वीस मिनिटांची आणि फक्त नऊ आसनांची. आओगाशिमा म्हणजे ज्वालामुखीच्या मुखात आणखी एक छोटा ज्वालामुखी, आणि शेजारी वस्ती. ते दृश्य बघायला लोक एरवी वाटेल ते पैसे देतील. इंग्लंडच्या पेन्झान्सहून सिली बेटांवर आणि फ्रान्समधल्या नीसहून मोनॅकोला नियमित सेवा आहेत. त्या स्वस्त म्हणता येणार नाहीत, पण तिथे जायचंच असेल तर प्रवास आणि सैर एकाच तिकिटात होतात.

या सेवा वापरताना एक जाण ठेवावी. त्या तिथल्या रहिवाशांसाठी आहेत. कोणी दवाखान्यात निघालेलं असतं, कोणी शाळेत. फॅरोवर पाहुण्यांनी एकाच दिशेचं तिकीट काढावं आणि परतीला बोट किंवा बस धरावी, अशी अपेक्षा आहे. ती पाळावी. शिवाय या सगळ्या जागांचं हवामान लहरी असतं. धुकं आलं की हेलिकॉप्टर रद्द, आणि तुम्ही बेटावर अडकलेले. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी हा बेत ठेवू नका. आसनं थोडी असल्यामुळे बुकिंग सुरू होताच काढून टाकणं बरं.

एकट्या प्रवाशासाठी आणखी एक वाट आहे. हेलिकॉप्टर शिकवणाऱ्या संस्था नवख्यांना पहिला परिचय-धडा देतात. शिक्षकाशेजारी बसून वीस-तीस मिनिटं उडायचं, आणि थोडा वेळ नियंत्रणाचा दांडा स्वतःच्या हातात घ्यायचा. दोन आसनांच्या लहान यंत्रात हा धडा दिला जातो, त्यामुळे तो बऱ्याचदा सैरीपेक्षा स्वस्त असतो. पण हा धडा असतो, सैर नव्हे. शिक्षकाला अमुक ठिकाणी घेऊन चला असं सांगता येत नाही.

युरोपात हौशी वैमानिक खर्च वाटून घेऊन प्रवासी नेतात. नियमांत ते बसतं, दरही कमी असतो, पण व्यावसायिक कंपनीला जे कडक निकष लावले जातात ते त्यांना लागू नसतात. नवख्यानं या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ५: बुकिंग कुठे आणि कधी

तुलना करायला मोठी बुकिंग संकेतस्थळं चांगली. तिथे वाट, मिनिटं आणि लोकांचे अनुभव एकत्र वाचायला मिळतात. पण पैसे भरण्याआधी त्याच फेरीचा दर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बघा. मधल्या संकेतस्थळाचं आणि हॉटेलच्या डेस्कचं कमिशन त्या तिकिटातूनच निघत असतं. थेट बुकिंगला दर कमी असेल किंवा वर काही सवलत मिळत असेल, तर ती घ्या. दर सारखाच निघाला तर कुणाची रद्द करण्याची अट सोपी आहे ते पाहून ठरवा. काही वेळा मधल्या संकेतस्थळाची अट जास्त सैल असते.

क्रूझनं जाणाऱ्यांना हा निर्णय थोडा अवघड आहे. अलास्कातल्या जूनोला जहाज लागलं की हिमनदीवर जाणाऱ्या फेऱ्या जहाजावरही विकतात आणि गावातली कंपनीही विकते. थेट घेतल्यास बहुधा स्वस्त पडतं. पण जहाजाकडून घेतलेली फेरी लांबली तर जहाज थांबतं, स्वतः घेतलेली लांबली तर थांबत नाही. जहाज दिवसभर बंदरात असेल आणि फेरी सकाळची असेल तरच थेट घ्या.

मग ईमेल लिहा. संकेतस्थळावर नसलेली गोष्ट विचारल्याशिवाय कळत नाही. हेलिकॉप्टर उडवायला कंपनीला किमान दोन, तीन किंवा चार प्रवासी लागतात. कुणीतरी बुक केलेल्या फेरीत एक आसन रिकामं राहिलं तर कंपनीचं नुकसानच असतं. ‘आम्ही या तीन दिवसांत कधीही येऊ शकतो, रिकामं आसन असेल तर काय दर लावाल?’ असं नम्रपणे विचारलं तर कित्येकदा चांगलं उत्तर येतं. एकट्यानं जाणाऱ्याला याचा विशेष उपयोग, कारण एरवी त्याला दोन आसनांचे पैसे मागितले जाऊ शकतात.

तिघे जण असाल तर उलटा प्रश्न विचारा. आर-४४ मध्ये वैमानिक सोडून तीनच आसनं असतात. तीन तिकिटांची बेरीज आणि अख्खं हेलिकॉप्टर भाड्यानं घेण्याचा दर यांत अंतर थोडं असेल, तर पूर्ण हेलिकॉप्टर घ्यावं. वाट आणि वेळ थोडीफार आपल्या मनासारखी ठरवता येते, आणि तिघांनाही खिडकी मिळते. खिडकीचा प्रश्न येतो तो मोठ्या हेलिकॉप्टरमध्ये. एअरबस एच-१२५ मध्ये मागच्या रांगेत चौघे बसतात, मधल्या दोघांना दोन्हीकडे शेजाऱ्यांची डोकी. एच-१३० ची काच रुंद आणि मागची आसनं उंच असल्यामुळे तिथे मधला माणूसही बऱ्यापैकी बघू शकतो. पुढच्या आसनाचे जादा पैसे मागितले तर आधी कुठलं हेलिकॉप्टर आहे ते विचारा. शेवटी कोण कुठे बसणार हे वजनाच्या तोलावर ठरतं, त्यामुळे पैसे भरूनही पुढचं आसन मिळालं नाही तर रक्कम परत देणार का, हेही विचारून घ्या.

वेळेबद्दल थोडंसं. सूर्यास्ताची फेरी जवळपास सगळीकडे महाग असते. सकाळी लवकरची घ्या. जमीन तापलेली नसते, वारा शांत असतो, हेलिकॉप्टर कमी हलतं, आणि डोंगराळ बेटांवर ढगही दुपारच्या मानानं कमी असतात. हंगामाच्या सुरुवातीचे आणि शेवटचे आठवडे दराला बरे.

पर्यटनस्थळी कुणी निम्म्या दरात हेलिकॉप्टर फेरी देऊ करत असेल, तर तिच्यासोबत सुट्टीतल्या घराची वाटून घ्यायची मालकी (टाइमशेअर) विकणारं एखादं सादरीकरण जोडलेलं नाही ना ते बघा. दीड-दोन तास बसून नाही म्हणत राहण्याची तयारी असेल तर सवलत खरी असते. पण सुट्टीतली अर्धी सकाळ जाते, आणि भिडस्त माणसानं तिकडे फिरकूच नये.

पायरी ६: शेवटची रक्कम

दिसणारा दर आणि भरायची रक्कम यांत फरक असतो. हेलिपॅडचं शुल्क, उद्यानाचं शुल्क, उतरण्याचं शुल्क, इंधन अधिभार, कर, कार्डचं शुल्क, हॉटेलवरून नेण्याचं भाडं. दोन कंपन्यांची तुलना करताना ‘सगळं धरून एका माणसाला किती’ एवढंच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. कार्डानं भरताना यंत्र तुमच्या देशाच्या चलनात रक्कम दाखवू लागलं तर ते नाकारून तिथल्या चलनातच भरा, बदलाचा दर जवळपास नेहमी बरा पडतो.

वजनाची अट आधी वाचा. अनेक कंपन्या साधारण ११० ते ११५ किलोच्या पुढे दुसऱ्या आसनाचे किंवा अर्ध्या आसनाचे जादा पैसे घेतात. प्रत्येक कंपनीची मर्यादा वेगळी असते, म्हणून चौकशी केली तर जादा पैसे न घेणारीही सापडते. बुकिंग करताना कपडे-बुटांसह खरं वजन सांगा. तिथे काट्यावर उभं राहावंच लागतं. आकडा जुळला नाही तर मांडणी बिघडते, आणि जागेवर जादा पैसे भरावे लागतात किंवा फेरी हुकते.

पायरी ७: जिथे पैसे वाचवायचे नाहीत

दर विलक्षण कमी असेल तर तो कशामुळे कमी आहे ते शोधा. अंतर कमी आहे, हंगाम नाही, यंत्र लहान आहे, ही कारणं चांगली. कारण सापडत नसेल तर पुढे चला.

कंपनीकडे त्या देशाच्या हवाई नियामकाचा व्यावसायिक प्रवासी वाहतुकीचा परवाना आहे का ते बघा. अमेरिकेत आणखी एक बारकावा आहे. तिथे सैरीच्या काही फेऱ्या नियमावलीच्या भाग ९१ खाली चालतात आणि काही भाग १३५ खाली. १३५ चे नियम वैमानिकाचं प्रशिक्षण, ड्युटीचे तास आणि देखभाल याबाबत अधिक कडक आहेत. ‘तुमची फेरी कुठल्या भागाखाली उडते?’ हा प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही, चांगली कंपनी अभिमानानं उत्तर देते. २०२४ मध्ये तिथल्या नियामकानं या दोन्ही प्रकारच्या कंपन्यांना लेखी सुरक्षा-व्यवस्थापन पद्धत सक्तीची केली असून त्यासाठी मे २०२७ पर्यंतची मुदत आहे. ती आधीच लागू केलेली कंपनी निवडा.

दारं काढलेल्या फेऱ्या फोटोंसाठी उत्तम, काचेचं प्रतिबिंब येत नाही. पण २०१८ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीत अशीच एक फेरी कोसळली. हेलिकॉप्टर पाण्यात उलटलं, आणि बांधलेले पट्टे प्रवाशांना वेळेत सोडवता आले नाहीत. पाचही प्रवासी गेले. म्हणून दारं काढलेल्या फेरीत बसण्याआधी पट्टा एका हालचालीत, कुणाच्याही मदतीशिवाय सुटतो का, हे स्वतः करून बघा. सुटत नसेल तर बसू नका.

प्रवासविमा असेल तर त्यात हेलिकॉप्टर सैर धरली आहे का, तेही वाचून घ्या. काही पॉलिसींत ती वगळलेली असते.

पायरी ८: हवामानाला जागा ठेवा

फेरी सुट्टीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत ठेवा. ढग आले, वारा वाढला, रद्द झाली, तर पुढचे दिवस हातात असतात. शेवटच्या दिवशी ठेवलेली फेरी रद्द झाली की पैसे परत मिळाले तरी संधी जाते. जूनो आणि न्यूझीलंडचा पश्चिम किनारा इथे रद्द होणं अगदी नेहमीचं आहे. अट वाचताना एवढं बघा: हवामानामुळे कंपनीनं रद्द केलं तर पूर्ण पैसे परत, की फक्त पुढची तारीख? फक्त पुढची तारीख देणाऱ्या कंपनीकडे परतीच्या आदल्या दिवशीचं बुकिंग करू नका. आणि वैमानिकानं ‘आज नको’ म्हटलं तर त्याच्याशी वाद घालू नका, दुसरी कंपनी उडतेय म्हणून तिकडे धावूही नका.

अर्धवट हवामानात उडण्याचा पर्याय दिला तर विचारा, ठरलेली वाट पूर्ण होणार का. बर्फावर उतरता आलं नाही किंवा वाट बदलावी लागली तर काही रक्कम परत मिळते का, हे कंपनीकडून आधीच कळलेलं असावं.

उड्डाणाच्या दिवशी

गडद रंगाचे कपडे घाला. पांढरा शर्ट काचेवर उमटतो आणि प्रत्येक फोटोत दिसतो. कॅमेऱ्याला पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावू नका, हेलिकॉप्टरच्या प्लास्टिकच्या काचेतून बघताना त्यामुळे रंगीत पट्टे येतात. फोन काचेच्या अगदी जवळ धरा, पण टेकवू नका, टेकवला की थरथर फोटोत उतरते. चित्र घेण्याचा वेग वाढवता येत असेल तर वाढवा. कानावरच्या हेडफोनमधून वैमानिक कुठल्या बाजूला काय येतंय ते सांगत असतो, तेव्हा तयारीत राहा.

एवढं केलंत तर उतरल्यावर काउंटरवर दाखवतात ते फोटो-व्हिडिओचं पॅकेज घ्यायची गरज पडणार नाही. घ्यायचंच असेल तर व्हिडिओ तुमच्याच फेरीचा आहे ना, की दाराबाहेरचा देखावा आधीच चित्रित करून त्यात फक्त तुमचे चेहरे जोडलेत, ते पैसे भरण्याआधी चालवून बघा.